फांदीचा दोर, अंगाचा दोर

सुरतेजवळच्या आमच्या भेस्तानच्या घरात देवाच्या फळीला जेवढा मान होता तेवढाच दोरांच्या खुंट्यांना होता. माय तर म्हणायची, जरा जास्तच. घर म्हणजे एकच खोली, मागं मोरी, पुढं पत्र्याची पडवी. दोन्ही भिंतींपलीकडं लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने, त्यांची खडखड अखंड चालू. गावाकडून आलेल्या पाहुण्याला त्या आवाजात झोप लागायची नाही. आम्हाला उलट वीज जाऊन लूम थांबले की जाग यायची. बोलायचं ते वरच्या पट्टीत, त्यामुळं आमच्या घरात कुणी कधी हळू बोललेलं मला आठवत नाही. माझा आवाज अजून तसाच आहे. नातवंडं म्हणतात, आजी, तुला फोन कशाला हवा, खिडकीतून बोललीस तरी कामरेजपर्यंत ऐकू जाईल. म्हणू देत.

तर खुंट्या. पडवीत शिरलं की उजव्या हाताला भिंतीत दोन लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. एकीवर फांदीचा दोर, अंगठ्याच्या चांगला दीडपट जाड. कापलेली फांदी त्याच्या आधारानं हळूहळू खाली सोडायची. दुसरीवर अंगाचा दोर, त्याहून बारीक. झाडावर चढणाऱ्याच्या कमरेला तो बांधायचा, वरच्या बेचक्यातून फिरवायचा आणि त्याचं दुसरं टोक खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. दोन्ही नायलॉनचे दोर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मगदल्ल्याला होड्यांचं सामान विकणाऱ्या माणसाकडून ओढून, ताणून, दातानं चावून बघून आणलेले. त्या दोरांवर कपडे वाळत घालायचे नाहीत, त्यांनी गाठोडं बांधायचं नाही, जमिनीवर पडले असले तर ओलांडायचे नाहीत, वळसा घालून जायचं. एकदा शेजारच्या बाईनं शेळी बांधायला मागितला, तर आप्पांनी तिला बाजारातून नवा दोर आणून दिला, पण खुंटीवरचा दिला नाही. गल्लीत हसायचे लोक. हसायला कुणाच्या बापाचं काय जातं.

आप्पा आधी लूमवरच होते. खानदेशातून सुरतेला आलेला माणूस दुसरं काय करणार? पण त्यांना बंद जागेत कोंडल्यासारखं व्हायचं. गावाकडं शेळ्यांना पाला तोडायला लहानपणापासून झाडावर चढायची सवय. एकदा कुणा शेठच्या बंगल्यातला आंबा छाटायला माणूस मिळेना म्हणून हे गेले, आणि झाड असं सुबक छाटलं की शेठनं शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्यानं त्याच्या भावाला. वर्षभरात लूम सुटला. आप्पा झाड नुसतं तोडत नसत. आधी भोवतीनं दोन फेऱ्या मारायचे, खोडावर कोयत्याच्या मुठीनं ठोकून आवाज ऐकायचे, कुठून पोकळ आहे, वजन कुणीकडं झुकलंय ते बघायचे आणि मग गुजरातीत सांगायचे, बेन, एवढी फांदी काढू, ही राहू दे, ही काढली तर झाड दोन वर्षांत वाळेल. गिऱ्हाईक कधी वैतागायचं. सगळंच कापा ना भाई, पानं पडतात. मग आप्पा म्हणायचे, ते काम दुसऱ्याला द्या. माय कपाळावर हात मारून घ्यायची.

वर चढायचं काम माझ्या मामाचं, नथूमामाचं. मायचा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि गाठ मारायला असा की बघत राहावं. फांदीला दोर बांधताना तो कधी हातांकडं बघायचा नाही, दुसरीकडंच कुठं तरी बघायचा, आणि गाठ तयार. आप्पा खालून सांगायचे, मामा वर करवत चालवायचा, आणि दोर धरायला एक माणूस असायचा. तो माणूस लग्न करून गावी गेला तो परत आलाच नाही. दोन दिवस कुणी मिळेना. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, मी धरते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची असेन. शाळा दहावीत सुटलेली, घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करत होते. त्याचा मला इतका कंटाळा आला होता की कुणी विहिरीत उतर म्हटलं असतं तरी उतरले असते.

आप्पांनी आठ दिवस मला नुसतं शिकवलं. खोडाला दोराचे तीन वेढे कसे द्यायचे, म्हणजे केवढ्याही वजनाची फांदी एका पोरीच्या हातानं सुद्धा सोडता येते. डोळे वर, पाय खाली रोवलेले, तोंड बंद. आणि रोज संध्याकाळी घरी आलं की दोन्ही दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून काढायचे. डोळ्यांनी नाही, हातानं. तळहाताला जरा जरी काही लागलं तरी सांगायचं. ते काम माझं. गल्लीत बोलणं सुरू झालंच. पोरीला दोरखंड दिला, आता उद्या कुऱ्हाड देतील. आत्या तर धुळ्याहून निरोप पाठवून मोकळी झाली, की अशी पोर कोण करून घेईल. आप्पा दुसऱ्या दिवशीही मला कामावर घेऊन गेले. मला मात्र त्या कामानं असं काही भरून आलं होतं की काय सांगू. सकाळी मामाच्या सायकलच्या कॅरियरवर दोन्ही दोर मांडीवर घेऊन बसायचे तेव्हा मला राणी असल्यासारखं वाटायचं. माझी चूक समजायची असेल तर हे आधी कळायला हवं. ते काम हातचं जाऊ नये म्हणून मी काहीही केलं असतं. केलंच.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. आमच्या खानदेशी घरांत दिवाळीहून मोठा तो सण. लेकी माहेरी येतात, पितरांसाठी घागर भरतात, निंबाला झोके बांधतात आणि बाया दिवसभर गाणी म्हणत झोका खेळतात. सुरतेला आलो म्हणून काही सुटलं नव्हतं. दोंडाईच्याला दिलेली माझी मोठी बहीण, आक्का, भुसावळच्या गाडीनं आदल्या दिवशी उधन्याला उतरली. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी. मायनं पहाटे उठून पुरण शिजवलं, पडवीत तीन दगडांवर खापर पालथं घातलं आणि मांडे करायला बसली. हातांवर फिरवत फिरवत मांडा एवढा मोठा करायची की कोपरापर्यंत लोंबायचा, मग खापरावर टाकायचा. घरभर वेलदोड्याचा वास, आमरस, कुरडया, कटाची आमटी. सणाचा दिवस म्हणून आप्पांनी कामाला सुट्टी दिली होती, आणि खरं तर तो आमच्या धंद्याचा ऐन मोसम. पावसाच्या आधी सगळ्यांनाच झाडं छाटून हवी असतात.

दुपारी बाया मोकळ्या मैदानातल्या निंबाखाली जमल्या आणि बघतात तर गल्लीचा झोक्याचा दोर उंदरांनी कुरतडलेला. कुणी म्हणालं साड्यांच्या चिंध्यांचा वळू, कुणी म्हणालं राहू द्या यंदा. आक्काचं तोंड एवढंसं झालं. आप्पा आणि मामा जेवून कुणाकडं तरी बसायला गेले होते. मीच म्हणाले, आमच्या घरी दोर आहे की! सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांतलीच एक, जिनं मला दोरखंडवाली म्हणून हिणवलं होतं, ती म्हणाली, खरंच आणशील का गं? मी धावत घरी गेले. दोन्ही खुंट्यांसमोर उभी राहिले. चार बाया एका वेळी झोक्यावर चढणार म्हणून जाड होता तो, फांदीचा, घेतला. विचार केला तो एवढाच.

संध्याकाळी लवकर सोडता यावा म्हणून मी दोर फांदीला गाठ मारून बांधला नाही, नुसता वरून टाकला. त्यामुळं झोका जाई-येई तसा तो खरबरीत सालीवर घासत राहिला, दुपारभर. आक्का उभी राहून झोका घेत होती, तिचा पदर वाऱ्यावर, आणि ती गात होती. तिचा आवाज फार गोड. मला इतका आनंद झाला होता. दिवेलागणीच्या आत मी दोर सोडवून घरी आणला आणि रोजच्या सवयीनं हातातून काढायला लागले. मधे एका ठिकाणी, हातभर लांबीत, तळहाताला काहीतरी लागलं. तिथं दोर केसाळ झाला होता आणि आत कुठं तरी टणक, वितळून थिजल्यासारखा. मला कळलं. कळलं नाही असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही. पण आप्पांना सांगायचं म्हणजे झोक्याचं सांगायचं, आणि झोक्याचं सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा टिकल्या चिकटवायला बसणार. एवढा जाड दोर, एवढ्यानं काय होतंय, असं मी स्वतःला म्हटलं आणि तो खुंटीला लावला.

आता माझ्याकडं कामाला जी मुलं आहेत त्यांना हेल्मेट असतं, पट्टा असतो, मोठ्या सोसायट्यांत तर वर नेणारी गाडी येते. कुठला दोर कशासाठी ते कळावं म्हणून प्रत्येकाला रंगाची चिंधी बांधलेली असते. तरी संध्याकाळी दोर हातातून काढायचं काम मी कुणाला देत नाही. गुडघे गेले, पण हात शाबूत आहेत. मुलांना वाटतं म्हातारीला खोड आहे.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेच्या अठवा भागात सविताबेन म्हणून एका रिटायर झालेल्या शिक्षिकेच्या बंगल्यात काम होतं. विलायती शिरीषाचं मोठं झाड, त्याची एक फांदी शेजाऱ्याच्या भिंतीवर झुकलेली, माणसाच्या मांडीएवढी जाड. आप्पांनी फेऱ्या मारल्या, ठोकून बघितलं. मामा चढला. अंगाच्या दोराचं टोक आप्पांनी स्वतः पलीकडच्या खोडाला बांधून घेतलं, कारण फांदी जड होती आणि माझे दोन्ही हात फांदीच्या दोराला हवे होते. मामानं फांदीला गाठ मारली, वरून ओरडून विचारलं, ताण आला का? मी आला म्हटलं. तीन वेढे दिले होते. करवत चालू झाली. भुसा खाली पडत होता, माझ्या डोळ्यांत जात होता, आणि माझं सगळं लक्ष दोराच्या त्या हातभर तुकड्याकडं. तो वर कुठं तरी बेचक्याजवळ असणार. मी मनात म्हणत होते, सांगावं का. अजून सांगता येईल. तोंड उघडलं सुद्धा होतं. तेवढ्यात फांदी सुटली, दोर कडक झाला, आणि माझ्या हातात एकदम काहीच वजन राहिलं नाही. मी पाठीवर आपटले.

फांदी सरळ न येता भिंतीवर आपटून उलटी फिरली आणि तिचं आडवं खांड आप्पांच्या उजव्या खांद्यावर बसलं. ते ओरडले नाहीत. खाली बसले, आणि डाव्या हातानं उजवा हात धरून तसेच बसून राहिले, घाम डबडबलेला. वर मामा खोडाला मिठी मारून होता. त्याला खालचं काही दिसत नव्हतं, नुसता पाला आणि धूळ. तो विचारत होता, काय झालं, कुणाला लागलं? सविताबेननं रिक्षा बोलावली. मामा कसाबसा उतरला, आप्पांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. मला म्हणाला, सामान आवर आणि ये.

मी सामान आवरलं. फांदीला मामाची गाठ जशीच्या तशी होती, तिच्यापुढं सात-आठ हात दोर आणि मग ते तुटलेलं, केसाळ टोक. दुसरं टोक माझ्या बाजूला गवतात. मी कोयता घेतला. गाठीसकट तो तुकडा फांदीवरून तोडून काढला आणि पाल्याच्या हातगाडीत खाली दडपला. माझ्याकडच्या दोराचं खराब टोकही स्वच्छ तोडलं, म्हणजे दोर तुटल्याची खूण कुठं उरणार नाही. हे सगळं करायला फारसा वेळ लागला नाही, आणि माझे हात अजिबात थरथरत नव्हते. नंतर कित्येक वर्षं मला त्याचंच जास्त वाटत राहिलं. दवाखान्यात मामा बाकावर बसला होता. त्यानं विचारलं, काय झालं गं नेमकं? मी म्हणाले, गाठ सुटली वाटतं. वरून त्याला दोर सुटताना दिसला होता. सुटला काय आणि तुटला काय, वरून सारखंच दिसतं. तो म्हणाला, सुटली? आणि स्वतःच्या हातांकडं बघत बसला.

आप्पांचा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. त्यांनी मामाला एका शब्दानं दोष दिला नाही, फक्त एकदा विचारलं होतं, नथू, गाठ बघितली होतीस ना? पण गल्लीला कोण आवरणार. मेव्हण्यानं मेव्हण्याचा हात घालवला, हे बोलणं नळावर, दुकानात, सगळीकडं. मायचं सुद्धा भावाशी वागणं तुटक झालं. त्याला वाढायची, पण आणखी घे म्हणायची नाही. मामा त्यानंतर एकदा झाडावर चढला, चिंचेच्या. अर्ध्यावर गेला आणि खाली आला. म्हणाला, हाताला घाम येतोय. आठवड्यानं तो कडोदऱ्याला लूमवर लागला आणि तिकडंच खोलीवर राहायला गेला. धंदा जवळजवळ बसला. मी कुंपणाची मेंदी कापायचे, आसोपालवाचे, म्हणजे उंच अशोकाचे, शेंडे शिडीवरून छाटायचे, त्यावर कसंबसं चालू होतं. माझी जागा शाबूत होती म्हणायची. दोर धरायला मी होते, वर जायला कुणी नव्हतं.

पाऊस होऊन गेल्यावर एका रविवारी मामा भेटायला आला. कडोदऱ्याहून खमणाचा पुडा आणला होता. माय म्हणाली, आलाच आहेस तर पडवीतली कपड्यांची दोरी बांधून दे, सारखी सुटते. साधी सुतळीची दोरी हो! मामानं एका खिळ्याला गाठ मारली. तिच्यावर दुसरी मारली. मग तिसरी. ओढून बघितली. चहा प्यायला आत आला, दोन घोट घेतले, उठला, बाहेर जाऊन पुन्हा ओढून बघितली. निघाला तेव्हा चपला घालून दारातून परत आला आणि ती दोरी दोन्ही हातांनी धरून तिला लोंबला. हा तोच माणूस, जो गाठ मारताना हातांकडं बघायचा नाही. त्या क्षणी मला माझी इतकी किळस आली की तो गेल्यावर मी मोरीत जाऊन ओकले.

त्याच संध्याकाळी मी आप्पांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. झोका, केसाळ दोर, कोयता, पाल्याची गाडी. आक्काचं नाव मात्र घेतलं नाही, दोर मीच नेला होता. आप्पा ऐकत होते. डाव्या हातानं बिडी पेटवायला त्यांना अजून जमायचं नाही. दोन काड्या मोडल्या. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माले काबर सांगी राहिनी?" ते शेवटी म्हणाले. मला कशाला सांगतेस? "नथूले सांग."

दुसऱ्या दिवशी मी कडोदऱ्याला गेले. कारखाना शोधायला वेळ लागला नाही, आत बोलायला लागला. लहानपणापासून लूमच्या शेजारी राहिलेली मी, पण आत, चाळीस-पन्नास लूमच्या मधे, कधी उभी राहिले नव्हते. तिथं आवाज कानांनी ऐकू येत नाही, छातीत ऐकू येतो. मामाकडं आठ लूम होते. तो एका बोळीतून जायचा, तुटलेला धागा जोडायचा, पुढं जायचा. मला बघून त्यानं हातानंच विचारलं, काय? मी म्हणाले, बाहेर चल. त्यानं मान हलवली, पाळी सोडता येत नव्हती. मग मी त्याच्या मागं मागं चालत, त्याच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून सांगायला लागले. वाटेत जे मऊ शब्द जुळवून आणले होते त्यांचा काही उपयोग झाला नाही. एवढ्या आवाजात माणसाला मोठ्यानं आणि थोडक्यातच बोलता येतं. दोर मी झोक्याला नेला होता! ऐकू आलं नाही. दोर! मी! झोक्याला! तो थांबला. मी तुटलेला दोर बघितला होता! मी कापला! बाजूच्या लूमवरचा माणूस आमच्याकडं बघायला लागला. मामानं माझा दंड धरला आणि माझ्या कानात ओरडून विचारलं, "गाठ?"

"सुटली नव्हती!" मी ओरडले. "तशीच होती!"

त्यानं एकामागून एक आठही लूम बंद केले. तसं कुणी करत नाही, मुकादम तिकडून ओरडत आला. मामानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. मला घेऊन बाहेर चहाच्या टपरीवर आला. बाहेर आल्यावर आम्ही दोघंही थोडा वेळ ओरडूनच बोलत होतो, कान बसले होते. त्यानं मला पुन्हा पहिल्यापासून विचारलं. दोर हातातून काढला होतास? हो. लागलं होतं? हो. आणि तरी लावलास. हो. मग त्यानं ते विचारलं जे मी आखाजीपासून स्वतःला विचारायचं टाळत होते.

"आणि त्या दिवशी अंगाचा दोर नेला असतास तर?"

दोन्ही खुंट्या शेजारी शेजारीच होत्या. मी जाड बघून उचलला एवढंच. बारीक चालण्यासारखा असता तर बारीक उचलला असता, आणि सांगितलं तरीही नसतं. मी तसं म्हणाले त्याला. मामानं चहा तसाच ठेवला. तो रडत होता, रागानं का सुटल्यासारखं वाटून ते मला सांगता येणार नाही. म्हणाला, "मला वाटायचं मी भाऊजींना मारता मारता राहिलो." मग म्हणाला, जा घरी. मी गेले. घरी जाऊन नळावर जमलेल्या बायांना मी स्वतःच सांगितलं, गाठ सुटली नव्हती, दोर माझ्यामुळं तुटला. मायनं मला दोन दिवस वाढलं नाही, मीच घेऊन खात होते.

महिना भरल्यावर मामा सामान घेऊन परत आला. माय दारातच त्याच्या गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी उधन्याच्या एका सोसायटीत निंबाचं काम होतं. मामानं दोन्ही दोर माझ्या हातून घेतले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःच्या हातातून काढले. मी नवे आणलेले होते, तरी. मग अंगाचा दोर घेऊन तो झाडाखाली उभा राहिला. मी सवयीनं दुसरं टोक धरायला पुढं झाले, तर त्यानं ते सोडलं नाही. आवाज चढवला नाही, वाईट बोलला नाही. म्हणाला, "इंदू, तुझ्या हातात दोर देऊन मी वर जाणार नाही. मला जमायचं नाही ते." आप्पांना एका हातानं धरता येणार नव्हता. गॅलऱ्यांतून लोक बघत होते, वॉचमन विचारत होता काम कधी सुरू करता. मी आप्पांकडं पाहिलं. आप्पा झाडाकडं बघत होते.

"मग मी चढते," मी म्हणाले.

मामानं माझ्या कमरेला दोर बांधला. हातांकडं बघत नव्हता. सलवारीवर आप्पांचा जुना सदरा, पाय अनवाणी. पहिल्या बेचक्यापर्यंत जाताना मी इतकी घाबरले होते की देवाचं नाव सुद्धा आठवेना. साल तळव्यांना टोचत होती, मुंग्या चावत होत्या. पण दर वेळी पाय उचलला की कमरेला दोराचा बारीक ताण जाणवायचा, ना जास्त ना कमी. घसरले एकदा. वीतभर सुद्धा गेले नाही, धरून ठेवलं त्यानं.

तेव्हापासून झाडावर मीच चढले, बावीस वर्षं. लोकांना वाटतं मी मोठी धाडसाची बाई. तसं काही नाही, वर जाण्यावाचून मला दुसरी जागाच उरली नव्हती. मामानं माझ्यावर माया कमी केली असंही नाही. माझ्या लग्नात मामा म्हणून माझ्या पाठीशी तोच उभा राहिला, माझ्या बाळंतपणात मायच्या बरोबरीनं जागला. मुलगी पोटात होती तेव्हा वर्षभर मी चढले नाही. तो चढला, पण दोर धरायला त्यानं कडोदऱ्याहून लूमवरचा एक माणूस आणला. मी दहा पावलांवर खुर्चीत बसून असायचे, हात मांडीवर ठेवून.

एकदाच विचारलं मी त्याला. माझ्या मुलीची दहावी झाली त्या वर्षी, सविताबेनच्याच बंगल्यात, त्याच शिरीषाखाली. सविताबेन गेल्या होत्या, मुलगा राहत होता. मामाचे केस पिकले होते. दोर माझ्या कमरेला बांधून झाला होता. मी म्हटलं, मामा, आज तू वर जातोस का? मी धरते. एवढी वर्षं झाली.

मामानं माझ्याकडं पाहिलं. हसला, अगदी मनापासून हसला.

"नही वं पोरी," तो म्हणाला. खोडाला तीन वेढे दिले, पाय रोवले आणि दोर हातात घेतला. "चढ तू. मी शे ना खाले."